राक्षसाचं युनियन कार्ड

एप्रिल 1918. खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिकं बुडाली होती. पीक चार आण्यांच्याही खाली आलंय, असं शेतकरी सांगत होते आणि सरकार शेतसारा तहकूब करायला तयार नव्हतं. गांधीजी आणि वल्लभभाईंच्या सत्याग्रहाला काही आठवडे होतात न होतात तोच मुंबई इलाख्याच्या उत्तर विभागाचे कमिशनर एफ. जी. प्रॅट अहमदाबादेत शेतकऱ्यांच्या सभेत बोलायला उभे राहिले. साहेब बोलले ते थेट गुजरातीत. सारा भरा, नाहीतर जमिनी जातील, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता.

प्रॅट घराण्याला असा अंमल चालवण्याची सवय होती. वडील याच इलाख्यात मीठ-महसुलाच्या खात्यात अधिकारी. एक भाऊ एडवर्ड न्यायखात्यातून चढत मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दुसरा भाऊ जॉन चीनमधल्या ब्रिटिश कॉन्सुलर सेवेत. पुढे त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. या घरातल्या मुलाने सरकारी परीक्षा द्यायची आणि साम्राज्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन खुर्ची सांभाळायची, हे ठरलेलं. अपवाद निघाला तो शेंडेफळ विल्यम हेन्री. थोरला भाऊ शेतकऱ्यांना दम देत होता त्या सुमाराला हा तिशीतला गडी अमेरिकेत फिरत्या नाटक कंपन्यांत मिळेल ते काम करत होता. घरचं नाव त्याने केव्हाच टाकून दिलं होतं. नवं नाव होतं बोरिस कार्लॉफ.

पुढे हे नाव जगाला कळलं ते ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटातल्या राक्षसामुळे. भयपटांचा बादशहा म्हणून त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण कार्लॉफ आयुष्यभर स्वतःला रोजीरोटी कमावणारा नट समजत आला. त्याच्या कारकिर्दीकडे त्या बाजूने पाहिलं की हॉलिवूडच्या सुवर्णकाळाची मागची बाजू दिसते. तिथे घाम आहे, पाठदुखी आहे आणि तासांचा हिशेबही आहे.

मुंबई इलाख्याशी या घराचं नातं फक्त नोकरीचं नव्हतं. कार्लॉफच्या आईचं लग्न 1864 मध्ये सुरतेला झालं. तिची आई एलायझा ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतल्या एका सार्जंटची मुलगी. एलायझाची सख्खी बहीण अ‍ॅना 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मली आणि 1849 मध्ये पुण्यात तिचं लग्न झालं. हीच ती अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजा मोंगकुटच्या मुलांची शिक्षिका. ‘द किंग अँड आय’ हे संगीतक तिच्याच हकिकतीवर उभं आहे. अ‍ॅनाची आजी भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. अ‍ॅनाने स्वतः मात्र आपला जन्म वेल्सचा आणि बाप कॅप्टन असल्याचं जन्मभर सांगितलं. माहेरच्या माणसांशी संबंध तोडून टाकले. त्या काळी साहेबाच्या जगात ‘मिश्र रक्त’ हा शिक्का पडला की बढतीपासून सोयरिकीपर्यंत सगळंच अडायचं. स्वतःची जन्मकथा नव्याने रचण्याचा वारसा असा या घराण्यात कार्लॉफच्या आधीपासूनच होता.

विल्यम जन्मला लंडनमध्ये, 23 नोव्हेंबर 1887 रोजी. नऊ भावंडांत सगळ्यांत धाकटा. रंगाने सावळा, बोलताना अडखळणारा, ‘स’ नीट न उच्चारता येणारा. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढवलं. वयाच्या नवव्या वर्षी चर्चच्या नाताळच्या नाटकात तो ‘सिंड्रेला’मधला राक्षसांचा राजा झाला आणि तिथेच त्याला रंगमंचाची चटक लागली. भावांनी किंग्ज कॉलेजात घातलं ते कॉन्सुलर सेवेच्या तयारीसाठी. स्वारी वर्गात कमी आणि नाटकांच्या थिएटरांत जास्त दिसायची. 1909 मध्ये त्याने बोटीचं तिकीट काढलं आणि कॅनडा गाठला.

तिथे आधी शेतावर मजुरी, मग पश्चिमेकडे व्हँकुव्हरला खड्डे खणण्यासारखी अंगमेहनतीची कामं. नाटकाचा अनुभव शून्य. पण तो दणकून थापा मारून एका फिरत्या कंपनीत शिरला. पडदा वर गेला तेव्हा आपला पगार आठवड्याला तीस डॉलर होता आणि पडदा पडेपर्यंत तो पंधरावर आला होता, असं तो पुढे हसत हसत सांगे. 1912 च्या जूनअखेर कंपनी रेजायना शहरात असताना तिथे भीषण चक्रीवादळ झालं. कंपनी मोडली आणि नटमंडळी ढिगारे उपसायच्या कामाला लागली. मग नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या नाट्यगृहात मुक्काम पडला. सतत नवं नाटक, सतत नवी भूमिका, रात्रभर पाठांतर. नटाचं शिक्षण म्हणतात ते त्याला इथे मिळालं.

1919 च्या सुमारास तो हॉलिवूडला पोचला आणि दिवसाला पाच डॉलरवर गर्दीत उभा राहू लागला. मूकपटांत बोलण्यातला दोष आड येत नव्हता. सावळ्या रंगामुळे आणि खोल डोळ्यांमुळे कामंही ठरलेली मिळत: रेड इंडियन लुटारू, अरब, मेक्सिकन, फ्रेंच-कॅनेडियन खलनायक. किपलिंगच्या कथेवरच्या ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’ या 1921 च्या चित्रपटात तो अहमद खान होता, तर 1922 च्या ‘द मॅन फ्रॉम डाउनिंग स्ट्रीट’मध्ये चक्क महाराजा जेहान धारवाड! धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातला जिल्हा होता आणि त्याच इलाख्यात याचे सख्खे भाऊ साहेब म्हणून वावरत होते. घराण्यातलं जे रक्त कुणी तोंडावर आणत नव्हतं, त्याच्याच जोरावर धाकट्याला पोटापुरती कामं मिळत होती.

तीही नेमाने मिळत नसत. मग तो ट्रक चालवायचा आणि मालाची चढउतार करायचा. मूकपटांचा मोठा नट लॉन चेनी याने एकदा त्याला रस्त्यात गाडीत घेतलं आणि सल्ला दिला, की इतरांना जमणार नाही असं काहीतरी शोधून काढ. ही आठवण कार्लॉफ वारंवार सांगे. 1930 मध्ये ‘द क्रिमिनल कोड’ नाटकात त्याला तुरुंगातल्या खुनी कैद्याची छोटी पण धारदार भूमिका मिळाली. पुढच्याच वर्षी हॉवर्ड हॉक्सने त्यावर चित्रपट काढला आणि भूमिका कार्लॉफकडेच राहिली. तोवर त्याचे ऐंशीच्या घरात चित्रपट झाले होते आणि नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

1931 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने ‘ड्रॅक्युला’वर पैसा केला आणि मेरी शेलीच्या 1818 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीला हात घातला. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी राक्षस होणार, असं आधी ठरत होतं. त्याची चाचणीही झाली. मग दिग्दर्शन जेम्स व्हेलकडे आलं. व्हेलने स्टुडिओच्या उपाहारगृहात कार्लॉफला पाहिलं. त्याची नजर त्या लांबट, हाडं वर आलेल्या चेहऱ्यावर खिळली आणि त्याने राक्षसाच्या चाचणीसाठी विचारलं. कार्लॉफ त्या दिवशी चांगला सूट घालून, नीटनेटका होऊन आला होता. त्याला थोडं लागलंच. पण काम ते काम!

रंगभूषाकार जॅक पियर्सने या चेहऱ्यावर बारकाईने विचार केला. शास्त्रज्ञाला मेंदू बसवायचा तर तो कवटी डब्याच्या झाकणासारखी वरून उघडणार, म्हणून डोकं सपाट. वीज आत घ्यायची म्हणून मानेत धातूचे खुंट. कापूस आणि कोलोडियनचं चिकट द्रावण थरावर थर चढवून कपाळ बनवलं. चेहऱ्याला हिरवट-राखाडी रंग लावला, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा दिसे. कार्लॉफने आपल्याकडूनही दोन गोष्टी घातल्या. डोळे फार जिवंत दिसतात म्हणून पापण्यांवर मेण चढवायला लावलं आणि एका बाजूचे खोटे दात काढून ठेवले, म्हणजे गाल आत ओढला जाई. रंगभूषेला रोज चार तास लागत आणि ती उतरवताना कातडी सोलून निघे. अंगात भर घातलेला जाड पोशाख, पायात वजनदार बूट आणि कॅलिफोर्नियातला ऑगस्ट-सप्टेंबरचा उन्हाळा. घामाने मेण विरघळून डोळ्यांत जायचं.

आणि एवढ्या ओझ्याखाली या माणसाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. दार उघडतं आणि राक्षस पाठमोरा आत येतो. हळूहळू वळतो. कॅमेरा तीन झटक्यांत त्याच्या चेहऱ्याशी जाऊन भिडतो. प्रेक्षकाला घाबरवायला एवढं पुरलं असतं. पण त्यानंतर त्याचा निर्माता, शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाइन, त्याला बसवून छताची झडप उघडतो. वरून उजेड येतो. राक्षसाने उजेड कधी पाहिलेला नाही. तो मान वर करतो, उठून उभा राहतो आणि दोन्ही हात वर नेऊन प्रकाश धरायला बघतो. झडप बंद होते. हात तसेच रिकामे खाली येतात आणि तो ते आपल्या निर्मात्यापुढे पसरतो. एक शब्द नाही. मनगटापासून बोटांपर्यंत एवढाच काय तो अभिनयाला वाव आणि तेवढ्यात तान्ह्या मुलाचं कुतूहल आणि हिरमोड दोन्ही आलंय.

तळ्याकाठच्या प्रसंगातही हेच. छोटी मारिया त्याला फुलं देते, पाण्यावर ती कशी तरंगतात ते दाखवते. तो पहिल्यांदाच हसतो. फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडे पाहतो आणि मुलीला उचलून पाण्यात टाकतो. त्याच्या लेखी तीही तरंगणारच. कार्लॉफला हे पटलं नव्हतं. मुलीला त्याने असं उचलून फेकू नये, असं त्याचं म्हणणं होतं. व्हेल हटला नाही. पुढे सेन्सॉरने हा भाग कापला आणि कित्येक दशकं लोकांनी अर्धाच प्रसंग पाहिला. कापल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात भलतंच काही यायचं, ते मूळ दृश्याहून वाईट.

चित्रीकरणात एक दिवस असा गेला, की काम सलग पंचवीस तास चाललं. शेवटच्या भागात राक्षस आपल्या निर्मात्याला खांद्यावर टाकून पवनचक्कीकडे चढून जातो. नट कॉलिन क्लाइव्हला उचलून तो चढ रात्रभर पुन्हा पुन्हा चढायला लावला. त्रेचाळीस वर्षांच्या, आधीच मजुरीने झिजलेल्या कार्लॉफच्या पाठीने तिथे हाय खाल्ली. त्यानंतर पाठ आणि पाय यांचं दुखणं त्याच्या पाचवीला पुजलं. 21 नोव्हेंबर 1931 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावासमोर नुसतं प्रश्नचिन्ह होतं. नटाला प्रीमियरचं बोलावणंही नव्हतं.

चित्रपट तुफान चालला. राक्षसाची कीव येते, असं सांगणारी लहान मुलांची पत्रं त्याला येऊ लागली आणि त्याचं त्याला शेवटपर्यंत अप्रूप वाटत राहिलं. ‘द ओल्ड डार्क हाउस’, ‘द मास्क ऑफ फू मांचू’ आणि ‘द ममी’ हे सगळे 1932 मधले. ‘ममी’च्या पट्ट्या गुंडाळायला तर आठ तास लागले आणि पडद्यावर ते रूप काही मिनिटंच दिसतं. नंतरच्या वर्षी ‘द गूल’साठी तो इंग्लंडला गेला तेव्हा घर सोडून चोवीस वर्षं झाली होती. घरचं नाव बुडवल्याबद्दल भाऊ काय म्हणतील, या विचाराने तो धास्तावला होता. प्रत्यक्षात प्रसिद्धीसाठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा ते सन्मान्य साहेब लोक त्याच्या शेजारी कोण उभं राहणार यावरून एकमेकांना कोपर मारत होते.

त्याच 1933 मध्ये हॉलिवूडमध्ये वेगळंच पेटलं होतं. मंदीने घायकुतीला आलेल्या स्टुडिओंनी मार्चमध्ये जाहीर केलं, की आठ आठवडे पगारात पन्नास टक्के कपात. 1927 मध्ये स्थापन झालेली अकॅडमी, तीच ऑस्करवाली, या व्यवहारात मध्यस्थ होती आणि ती कुणाच्या बाजूची आहे हे नटांना कळून चुकलं. पगार हे एक दुखणं झालं. कामाच्या तासांना मर्यादाच नव्हती. शनिवारी सुरू झालेलं काम रविवारच्या पहाटेपर्यंत ओढायचं आणि दोन पाळ्यांमध्ये विश्रांती किती याला काही धरबंध नाही. मोजक्या नटांच्या गुपचूप बैठका सुरू झाल्या आणि 30 जून 1933 रोजी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डची नोंदणी झाली.

हे लोक कोण होते ते बघा. राल्फ मॉर्गन, केनेथ थॉमसन, जेम्स ग्लीसन, वकिलाच्या खर्चाला स्वतःचा चेक फाडून देणारा अ‍ॅलन मोब्रे, पडद्यावर हटकून कर्नल किंवा सरदार होणारा सी. ऑब्री स्मिथ. बहुतेक सगळे चरित्र अभिनेते. नायकाचा बाप, न्यायाधीश, बटलर, खुनी अशा भूमिका करणारे, आज या सेटवर तर उद्या त्या सेटवर. एडी कँटरसारखे बडे तारे आले ते ऑक्टोबरमध्ये. जोखीम पत्करून पाया घातला तो दुसऱ्या फळीने. कार्लॉफचा सभासद क्रमांक होता नऊ.

ऑब्री स्मिथ म्हणजे कसोटीत इंग्लंडचं नेतृत्व केलेला क्रिकेटपटू. 1932 मध्ये त्याने हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला होता आणि क्रिकेटवेडा कार्लॉफ तिथे नेमाने पांढऱ्या पोशाखात दिसे. दर रविवारी पॅड बांधणाऱ्यांतलीच काही मंडळी गिल्डच्या पहिल्या यादीतही सापडतात. कार्लॉफचं स्वतःचं युनिव्हर्सलशी याच सुमारास बिनसलं होतं. कबूल केलेली पगारवाढ स्टुडिओने टाळली, तेव्हा तो सरळ बाहेर पडला. ‘द इन्व्हिजिबल मॅन’ची भूमिका त्याच्या हातून गेली आणि क्लॉड रेन्सचं नशीब उघडलं. स्टुडिओने पुढे नमतं घेतलं. पण ज्याचं नाव तिकिटं खपवतं त्यालाच असं भांडता येतं, गर्दीत उभ्या राहणाऱ्या पाच डॉलरवाल्याला नाही; आणि कार्लॉफ बारा वर्षं त्याच गर्दीत होता. गिल्डच्या संचालक मंडळावर तो पुढे बरीच वर्षं राहिला. स्टुडिओंनी गिल्डला मान्यता दिली ती संपाची तयारी झाल्यावर, 9 मे 1937 रोजी. एका प्रॅटने सारा न भरणाऱ्यांच्या एकजुटीपुढे सरकारची बाजू लढवली होती. दुसऱ्याने मालकांपुढे एकजूट उभी केली. घर एकच.

चित्रपटांत राक्षस त्याने आणखी दोनदा केला. 1935 च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस बोलायला लागतो. कार्लॉफचा त्याला विरोध होता, तरी समीक्षक आज त्या चित्रपटाला पहिल्याहून सरस मानतात. 1939 च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’नंतर मात्र चित्रपटांत त्याने हा वेश पुन्हा चढवला नाही, कारण आता या पात्राची थट्टाच होणार, हे त्याने ओळखलं. त्याच चित्रीकरणाच्या दिवसांत, त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी, मुलगी सारा जन्मली.

1941 मध्ये तो ब्रॉडवेवर आला ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मध्ये. त्यातला खुनी जोनाथन एकाचा जीव घेतो, कारण त्या माणसाने त्याला ‘तू बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस’ असं म्हटलेलं असतं. हे खुद्द कार्लॉफच्या तोंडून ऐकताना थिएटर डोक्यावर घेतलं जाई. नाटक इतकं चाललं, की फ्रँक काप्राने चित्रपट केला तेव्हा कार्लॉफला सोडायला नाटकाचे निर्माते तयार झाले नाहीत. निर्माता व्हॅल ल्यूटनबरोबरचा 1945 चा ‘द बॉडी स्नॅचर’, रंगभूमीवर ‘पीटर पॅन’मधला कॅप्टन हूक, 1955 मध्ये ‘द लार्क’मधला बिशप कोशों: चांगल्या कामाची भूक टिकून होती. मधेमधे टाकाऊ चित्रपटही पुष्कळ केले, तेही वेळेवर येऊन, संवाद पाठ करून.

1957 मध्ये युनिव्हर्सलचे जुने भयपट एकगठ्ठा टेलिव्हिजनला विकले गेले आणि अमेरिकेतली एक अख्खी पिढी घरबसल्या कार्लॉफच्या प्रेमात पडली. त्या प्रक्षेपणाचा एक छदामही नटांना नव्हता. 1960 मध्ये गिल्डने सहा आठवडे संप केला, तेव्हा नव्या चित्रपटांच्या टीव्ही प्रक्षेपणावर नटांचा हक्क आणि निवृत्तिवेतनाचा निधी पदरात पडला. 1948 पूर्वीचे चित्रपट मात्र त्या हक्काबाहेरच राहिले. ज्या राक्षसाने त्याची पाठ मोडली, त्याच्या पुनर्प्रदर्शनातून कार्लॉफला पैसे मिळाले नाहीत. मिळाली ती नवी ओळख. तिच्या जोरावर 1960 ते 1962 ‘थ्रिलर’ मालिकेचं सूत्रसंचालन आलं, आणि 1966 च्या नाताळात ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ या कार्टूनसाठी तो मऊ, खर्जातला आवाज. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं.

सत्तरी उलटून गेलेली, एकाच फुप्फुसाचा अर्धा भाग कसाबसा चालू, पायाला लोखंडी आधार, जवळ प्राणवायूची सोय. तरी तो कामावर येत होता. 2 फेब्रुवारी 1969 रोजी इंग्लंडमध्ये तो वारला, तेव्हा त्याचे काही चित्रपट प्रदर्शित व्हायचे बाकी होते. त्याआधीच्या वर्षी आलेला ‘टार्गेट्स’ हा त्याचा अखेरचा महत्त्वाचा चित्रपट. निर्माता रॉजर कॉर्मनला कार्लॉफ करारानुसार दोन दिवसांचं काम देणं लागत होता. ते दोन दिवस कॉर्मनने पीटर बोग्डानोविच या नवख्या दिग्दर्शकाला देऊन टाकले आणि त्याने थकलेल्या भयपट-नटाचीच गोष्ट लिहिली. त्यात कार्लॉफ मृत्यूला चुकवायला निघालेल्या नोकराची एक जुनी कथा सांगतो. कॅमेरा न थांबता त्याच्या चेहऱ्याजवळ येत राहतो आणि चित्रण एका दमात पुरं होतं. सेटवरच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

त्या चित्रपटासाठी त्याने पाच दिवस काम केलं. वरच्या तीन दिवसांचे पैसे देऊ केले तेव्हा त्याने घेतले नाहीत. संहिता आवडली, एवढं कारण त्याला पुरेसं होतं. 1931 मध्ये त्याच्याकडून पंचवीस तास वसूल केले गेले होते, तेव्हा नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. हे तीन दिवस त्याने आपण होऊन दिले. गिल्डसाठी घातलेली सगळी वर्षं खर्ची पडली ती या एवढ्याच फरकासाठी: नटाचा वेळ नटाच्या मालकीचा असावा, आणि मग तो विकायचा की फुकट द्यायचा, हे त्याने स्वतः ठरवावं.